शोकाकुल मित्रपरिवार

“कथा, पटकथा आणि दिग्दर्शन एकाच ओळीत घे,” रणधीर माझ्या खुर्चीमागं उभा राहून सांगत होता. “त्याखाली माझं नाव. जरा मोठं कर मर्दा, लांबनं दिसलं पाहिजे.”

मी की-बोर्डवर हात ठेवून बसलो होतो. शेजारी मशीनमधून कुठल्याशा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स इंचाइंचानं बाहेर येत होता. आधी फेटा आला, मग कपाळ.

“कथा पण?” मी विचारलं.

“हां, तिन्ही. रणधीर बाबासो इंगवले असं पूर्ण लिही. पप्पांना बरं वाटंल.”

मी पूर्ण लिहिलं. अक्षर मोठं केलं, त्याला पिवळा रंग दिला, काळी कड दिली. मग विचारलं, “आणि मी?”

“तू हाईस की खाली.” त्यानं वहीच्या कागदावर बोट ठेवलं. ‘विशेष आभार’ असं लिहून पुढं यादी होती. प्राचार्यसाहेब, जनरेटर देणारे मंडपवाले, कॅन्टीनचा शिवा आणि सगळ्यात शेवटी महावीर चौगुले, भूपाल आर्टस्. म्हणजे मी शिवाच्याही खाली. शिवानं निदान रोज वीस चहा दिले होते.

“बरं,” मी म्हणालो.

त्या शॉर्टफिल्मचं नाव होतं ‘बापाचा बोर्ड’. त्यातला बाप माझा होता आणि बोर्डही माझाच होता, एवढं सांगितलं म्हणजे माझं ‘बरं’ किती बरं होतं ते कळेल.

आमचे आण्णा, भूपाल चौगुले, पेंटर होते. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आला तेव्हा त्यांनी सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुतले, डब्यात ठेवले आणि मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. मी एफ.वाय.ला असताना एका दुपारी पाट्या उतरवायला शिडीवर चढले, छातीत कळ आली आणि संपलं. आमच्याकडं माणूस गेला की घरात रडारड चालू असतानाच कुणीतरी एकजण बोर्डाचं बघतो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चौकात लागली पाहिजे. त्या दिवशी बोर्डाचं बघणारा मीच होतो, कारण दुकान घरचंच.

कॉम्प्युटरपुढं बसलो तर आण्णांचा फोटोच सापडेना. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवलेल्या माणसाचा एकट्याचा असा एक फोटो नव्हता. शेवटी आत्तेभावाच्या लग्नातला एक मिळाला. त्यात आण्णांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. नुसता हात, मनगटावर घड्याळ. कुणाचा ते आजवर कळलेलं नाही. तो हात मी तीन तास पुसत बसलो. बोटं गेली, घड्याळ गेलं, पण हाताच्या वजनानं शर्टाला पडलेल्या चुण्या काही केल्या निघेनात.

त्या तीन तासांत माझ्या शेजारी एकच माणूस बसून होता, रणधीर इंगवले. मधूनच उठायचा आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवायचा. पुढं दोन वर्षं मला त्याचं फार वाटायचं. नंतर लक्षात आलं, तो नुसता बसला नव्हता, बघत होता. हे मी रागानं बोलतोय, मान्य. पण रागानं बोललेलं सगळंच खोटं नसतं.

टी.वाय.ला असताना कॉलेजात फिल्म क्लब निघाला. प्रत्येक गटानं एक गोष्ट मांडायची, सगळ्यात चांगली निघेल तिची शॉर्टफिल्म करायची, असं ठरलं. रणधीरनं उभं राहून गोष्ट सांगितली. फ्लेक्सवाला पोरगा, मेलेला बाप, खांद्यावरचा हात. तबस्सुम मुजावरनं ओढणीनं डोळे पुसले. मी मागच्या बाकावर होतो. मला वाटलं, आता हा माझ्याकडं बोट करेल आणि म्हणेल, ही याची गोष्ट. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि डोळा मारला.

तेव्हाच उठायला पाहिजे होतं. पण आपण मागून नाव घेण्यापेक्षा त्यानं आपणहून द्यावं, असला एक अडेलपणा माझ्यात आहे. मी वाट बघत राहिलो.

शूटिंग आमच्याच दुकानात झालं. चार दिवस. हिरो रणधीर, बापाच्या जागी त्याचा एक चुलता, कॅमेरा आणि एडिटिंग तबस्सुमकडं. तिचा भाऊ लग्नाचे फोटो काढायचा, त्याचा कॅमेरा ती मिनतवारी करून आणायची. मी उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभा.

“म्हाव्या,” रणधीरनं मधेच विचारलं, “तू ह्या टायमाला रडलास तवा हात कुठं हुता? तोंडावर का टेबलावर?”

“मी रडलो नव्हतो.”

“कायच न्हाई?”

“चुण्या निघत नव्हत्या. रडायला वेळ कुठं होता?”

त्यानं थोडा विचार केला. “मग आपण रडूया. पब्लिकला लागतंय.”

आणि तो रडला. डोळ्यांत ग्लिसरीन घालून पाच टेक रडला. पाचव्या टेकला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या दोन्ही हातांत थर्माकोल होता, म्हणून मला वाजवता आल्या नाहीत.

तर त्या शनिवारी दुकानात पोस्टरचं काम संपलं असं मला वाटलं. रणधीर काही हलेना. गुरुवारी अकरा वाजता कॉलेजच्या सभागृहात शो होता. कोल्हापूरहून एक परीक्षक येणार होते. त्यांना आवडली तर फिल्म पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होती. रणधीरचं सगळं लक्ष तिकडं.

“पोस्टर कॉलेजपुरतं ठीक हाय,” तो म्हणाला. “गावात कायतरी दणका पाहिजे. तंबाखू चौकात एक श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचा. पिक्चरमधल्या बापाचा. लोक थांबून वाचतील. खाली बारीक अक्षरात, गुरुवारी अकरा वाजता, सभागृह.”

“चुलत्याचा फोटो घ्यायचा?”

“तेच्यात मजा न्हाई. त्याचं तोंड मेल्यासारखं वाटत न्हाई.” तो स्टूल ओढून माझ्याजवळ बसला, अगदी त्या दिवशी बसला होता तसा. “तुझ्याकडं आण्णांच्या बोर्डाची फाइल असंलच की. तीच टाकूया. वरिजनल.”

मशीन घरघरत होतं. युवा नेत्याची आता मिशी आली होती.

माझी आई रोज सकाळी बस्तीला, म्हणजे आमच्या जैन देवळात जाते, ती तंबाखू चौकातूनच. आण्णांचा बोर्ड आठ दिवसांनी मी उतरवला तेव्हा ती खाली उभी होती. “बरं केलंस,” म्हणाली, “रोज वर बघून पुढं जायचं, जीव जायचा माझा.” त्या वेळी शिडी रणधीरनं धरली होती. त्यानंही ते ऐकलं होतं.

“बघतो,” मी म्हणालो.

“बघतो न्हाई, करच. लोक थांबलेच पाहिजेत.”

“थांबतील,” मी म्हणालो.

मी डाव धरणारा माणूस आहे. तिसरीत माझी पाटी ज्यानं फोडली त्याचं नाव, गाव आणि त्याच्या मामाचं आडनाव मी आजही सांगेन. तोंडावर भांडणं मला जमत नाही. मी बरं म्हणतो, बघतो म्हणतो आणि घरी जाऊन बेत करतो. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

बुधवारी दुपारी आई आत झोपली होती, तेव्हा मी बोर्ड केला. बारा बाय आठचा. असे शेकडो बोर्ड केलेत मी, त्यामुळं हात आपोआप चालत होता. कडेला झेंडूची माळ, वर दोन पणत्या, मध्ये गोलात फोटो. फोटोला या वेळी काही अडचण नव्हती. शूटिंगच्या चार दिवसांत रणधीरनं स्वतःचे दोनशे फोटो काढून घेतले होते. त्यातला हसरा निवडला. खाली लिहिलं, कै. रणधीर बाबासो इंगवले. पिवळं अक्षर, काळी कड. लांबून दिसेल असं.

मग शोकाकुल. बोर्डावरचं सगळ्यात अवघड काम ते. मेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर लोक एकवेळ चालवून घेतात, शोकाकुलच्या यादीत नाव खाली गेलं तर दुकानावर येऊन शिव्या देतात. त्या यादीवरून आमच्या गावात सख्खे भाऊ बोलायचे थांबलेत. मी लिहिलं, शोकाकुल मित्रपरिवार, आणि पोस्टरवर मोठ्या अक्षरांत जी नावं होती ती त्याच क्रमानं उचलली. कॅमेरा, संगीत, वेशभूषा, प्रकाश. ज्यांना श्रेय, त्यांनाच शोक. शॉर्टफिल्मचा उल्लेख नाही, वार नाही, वेळ नाही. कोपऱ्यात आमच्या दुकानाचं नावही टाकलं नाही.

गुरुवारी सकाळी सहाला शिडी घेऊन चौकात गेलो. मला बोर्ड बांधताना बघायची गावाला सवय आहे, कुणी हटकत नाही. खांबाजवळ फुलं घेऊन बसणारी हौसाबाई तेवढी मान वर करून म्हणाली, “कोण गेलं रं?”

“इंगवल्यांचा रणधीर.”

“आरं द्येवा! तरणंताठं पोर.” तिनं टोपलीतून एक हार काढून माझ्यापुढं धरला. “हे माझ्याकडनं घाल.”

मी घातला. शिडीवरून उतरून चार पावलं मागं गेलो आणि बघितलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पाच टेक रडलास ना, म्हटलं, आता गाव रडेल, एका टेकमध्ये.

आमच्या गावात बोर्ड लागला की माणूस मेला. मृत्यूचा दाखला नंतर मिळतो, तो कुणी विचारतही नाही. साडेसातला पानटपरीवाल्यानं अर्धं शटर ओढलं, ते बघून शेजारच्या सलूनवाल्यानं ओढलं. कसा गेला, हे आठपर्यंत ठरलंसुद्धा. गाडीवरून गेला, हायवेला, ट्रकनं उडवलं. याला कारण होतं. रणधीर पहाटेच मोटरसायकल घेऊन परीक्षकांना आणायला कोल्हापूरला गेला होता आणि शोच्या तयारीत रात्रभर वापरलेल्या त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली होती. बंद मोबाईल म्हणजे आमच्याकडं अर्धं मरण. उरलेलं अर्धं मी चौकात बांधलं होतं. इंगवल्यांचं घर गावाबाहेर तीन किलोमीटरवर मळ्यात, त्याचे वडील साखर कारखान्यावर सकाळपाळीला. खरंखोटं करायला घरापर्यंत जाणार कोण? आणि कुठल्या तोंडानं?

तबस्सुमचा फोन आला. “महावीर, चौकात बोर्ड...”

“हो,” मी म्हणालो.

“तू छापलास?”

“ऑर्डर आली होती.”

ती रडायला लागली. फोन कानाला लावून मी ते ऐकलं. तिच्यासाठी मला वाईट वाटलं, पण एवढं नाही की खरं सांगावं.

दहा वाजता कॉलेजात गेलो. सभागृहात ज्या पडद्यावर ‘बापाचा बोर्ड’ दिसायचा होता, त्याच्यापुढं टेबल, टेबलावर समई आणि रणधीरचा आयकार्डवरचा फोटो मोठा करून ठेवलेला. तीनशे पोरं उभी. प्राचार्य हेरवाडकर माईकवर होते. “एक हरहुन्नरी, शिस्तप्रिय आणि आज्ञाधारक विद्यार्थी आपल्यातून गेला,” ते म्हणाले. याच माणसानं जुलैत रणधीरला मोबाईल वाजला म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं आणि त्याच्या बापाला बोलावून घेतलं होतं. “आजचे सर्व कार्यक्रम रद्द करून महाविद्यालयाला सुट्टी देण्यात येत आहे. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू.”

सगळे कार्यक्रम रद्द. मी मागच्या भिंतीला टेकलो. याच्यापुढं मला आणखी काही नको होतं.

दुसरं मिनिट चालू असताना दार उघडलं. पुढं रणधीर, केसांत रस्त्याची धूळ, मागं खांद्याला झोळी लावलेले परीक्षक. तीनशे पोरं मान खाली घालून उभी बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, तोही मान खाली घालून उभा राहिला. परीक्षकही राहिले. मग त्यानं हळूच वर बघितलं आणि समईमागचा स्वतःचा फोटो त्याला दिसला.

पहिली किंकाळी तबस्सुमची. नंतरचा गोंधळ सांगत नाही. कुणी त्याला चिमटे काढले, कुणी मिठ्या मारल्या, दोघीतिघी चक्कर येऊन बसल्या. पाच मिनिटांत हेरवाडकरसरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये उभं केलं. परीक्षक कोपऱ्यात खुर्चीवर, हातात चहा, कप तोंडाला न लावता आमच्याकडं बघत.

“गावात फ्लेक्स छापणारे तीन,” सर मला म्हणाले. “त्यातलं हे अक्षर कुणाचं, ते मला कळतं. आत्ता पोलीस बोलावतो. कुणाच्या सांगण्यावरून केलंस?”

मी तयार होतो. चार दिवस मी हेच तर पाठ केलं होतं. आण्णा, शिडी, खांद्यावरचा हात, ‘कथा : रणधीर बाबासो इंगवले’, ‘वरिजनल फाइल टाकूया’, सगळं क्रमानं. परीक्षकांच्या पुढ्यात सांगायला मिळणार होतं, हे तर देवानंच दिलेलं. मी तोंड उघडलं.

“माझ्या सांगण्यावरनं, सर,” रणधीर म्हणाला.

“काय?”

“पिक्चरच्या प्रसिद्धीसाठी. श्रद्धांजलीचा बोर्ड चौकात लाव म्हणून मीच त्याला सांगितलं हुतं. शनिवारी, त्याच्या दुकानात. आयडिया माझी.” माझ्याकडं न बघता तो बोलत होता. “वेळ आणि ठिकाण लिहायचं तेवढं राहिलं. त्याची चूक न्हाई.”

यातलं एकही वाक्य खोटं म्हणता येत नव्हतं. मी तोंड उघडं ठेवून उभा. माझी गोष्ट त्यानं घेतली होतीच, आता माझा सूडही स्वतःच्या नावावर केला. त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

हेरवाडकरसरांनी निकाल तिथंच दिला. शो रद्द, फिल्म कुठल्याही स्पर्धेला जाणार नाही, फिल्म क्लब बंद आणि रणधीरनं दोन पानी माफीनामा लिहिल्याशिवाय केबिन सोडायची नाही. परीक्षकांनी कप खाली ठेवला आणि रणधीरच्या खांद्यावर थोपटून ते स्टँडकडं गेले.

मी बाहेर आलो. रणधीर शिपायाकडून कागद घ्यायला म्हणून माझ्यामागं दारापर्यंत आला.

“झालं तुझं?” त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा.

“तुला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला?”

तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाला, “आज गुरुवार हाय, म्हाव्या. बाजार. आमची आई चौकातनंच गेली असंल.”

आठवड्याचा बाजार मला माहीत नव्हता असं नाही. चार दिवस मी शो बघत होतो, परीक्षक बघत होतो, पिवळं अक्षर बघत होतो. बाजार माझ्या बेतात कुठंच नव्हता.

“फोन लाव की,” मी म्हणालो.

“घरात फोन एकच. तो माझ्या खिशात हाय, बंद.” आता त्याचे डोळे भरले. ग्लिसरीन नव्हतं. “सर मला सोडत न्हाईत. तू जा. बोर्ड उतर आणि तिला सांग, मी जिता हाय म्हणून.”

चौकापर्यंत मी पळत गेलो. बोर्डाखाली आणखी दोन हार आणि अर्ध्या जळलेल्या उदबत्त्या होत्या. शिडी आणायला थांबलो नाही, खांबावर चढून दोऱ्या चाकूनं कापल्या, बोर्ड धाडकन खाली आला. हौसाबाई उठून उभी राहिली.

“आरं, त्या पोराची आई येऊन गेली की,” ती म्हणाली.

“कधी?”

“झालं दोन तास. आधी खांबाला धरून उभी ऱ्हायली. मग बोट वर करून एकेक अक्षर वाचत हुती. मी इचारलं, वळखीचा हाय काय गं? म्हणली, माझा ल्योक हाय.”

“रडली?”

“न्हाई. त्याचंच मला भ्या वाटलं.”

पानटपरीवाल्याची सायकल घेऊन निघालो. तीन किलोमीटर. दोन्हीकडं ऊस आणि मधोमध विहिरी, त्या रस्त्याला विहिरी फार आहेत. प्रत्येक विहिरीपाशी मी पायडल मारायचा थांबलो, वाकून बघितलं आणि पुढं गेलो.

याला आता तेरा वर्षं झाली. रणधीर पुण्यात मालिकांचं काम करतो, त्याचं नाव टीव्हीवर मोठ्या अक्षरांत येतं. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ‘बापाचा बोर्ड’ कुणी पाहिलाच नाही, तबस्सुमच्या एखाद्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये पडला असेल. म्हणजे मी जिंकलो, असंच म्हणायला पाहिजे. एक घर तेवढं राहिलं होतं, आणि त्या सायकलवर मी तिकडंच चाललो होतो.

मळ्यातल्या घरापुढं माणसं नव्हती. रडण्याचा आवाज नव्हता. दार उघडं होतं. आत काकी, रणधीरची आई, चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. भिंतीला बाजाराची पिशवी टेकवलेली, तिच्यातून मेथीची जुडी बाहेर आलेली.

“आलास?” त्या म्हणाल्या. “बस. घामाघूम झालायस. रण्या कुठं हाय?”

“कॉलेजात. काकी, त्याला कायबी झालेलं न्हाई. तो बोर्ड...”

“ठावं हाय मला.”

“कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? वाचलं की मी.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. “आधी फोटू दिसला. खांबच धरला बघ. मग म्हटलं, पुरतं वाचूया तरी. सातवी शिकलीया मी. बोट लावून एकेक नाव वाचलं. मुजावराच्या पोरीचं हाय, माळ्याच्या दोन्ही पोरांचं हाय, त्या पेटीवाल्याचं हाय. तुझं न्हाई. परत वरनं वाचलं. न्हाईच.”

मी उंबऱ्यातच उभा होतो.

“मग म्हटलं, ह्ये खोटं हाय. कुणीतरी मेल्यानं चावटपणा केलाय. माझं पोरगं जित्तं हाय. गेले, मेथी घेतली, वांगी घेतली आणि आले घरला.” त्यांनी भाकरी उलटली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. “रण्याला खरंच काय झालं असतं, तर बोर्डावर तुझं नाव पैलं असतं. व्हय का न्हाई?”

त्या उत्तराची वाट बघत थांबल्या होत्या.

“व्हय,” मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. बुधवारी दुपारी शोकाकुलची यादी टाइप करायला बसलो, तेव्हा सवयीनं पहिलं नाव माझंच पडलं होतं. मग मी ते पुसलं होतं.